सात पराभव आणि माझा राहिलेला कागद

काका, आता तुम्हाला "थांब, आधी पाणी पी" असं म्हणून मला मध्येच तोडता येणार नाही, तेव्हा सगळं एकदाच बोलून घेतो. सात सामने खेळलो आपण या मोसमात. सातही हरलो. एखादा बरोबरीत सुटला असता तरी मी तोंड मिटून बसलो असतो, पण तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही. आदल्या वर्षी हाच संघ, हीच पोरं, हेच मैदान, आणि आम्ही तिसरे आलो होतो. आणि तुम्ही काय केलंत? शेवटचा सामना होऊन दहा दिवस होताहेत तोवर चालते झालात. सकाळी, पुंगोलला तुमच्या ब्लॉकखालच्या बाकावर, गळ्यात पास अडकवून, कंपनीच्या बसची वाट बघता बघता. माणसानं निदान भांडण तरी पुरं करून जावं की नाही?

बरं, दोष कुणाला देऊ? तुम्हाला आणलं मीच. सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, माझ्या टीशर्टवरचं कॉलेजचं नाव वाचून तुम्ही विचारलंत, "फुटबॉल खेळतोस व्हय?" मी सांगितलं, आमच्या निवासी कॉलेजचा संघ आहे, पीएचडी आणि पोस्टडॉक करणाऱ्या लोकांचा. मी गोलकीपर, कप्तानही मीच, आणि आमचा कोच नुकताच सिंगापूर सोडून गेलाय. तुम्ही शिऱ्याचा द्रोण खाली ठेवलात आणि म्हणालात, "मी कोल्हापूरचा." बस्स. पुढं काही बोलायची गरजच वाटली नाही तुम्हाला. मी पडलो पुण्याचा. मला वाटलं, पेठापेठांच्या फुटबॉल सामन्यांत वाढलेला, तालमीकडून खेळलेला माणूस, हा आम्हाला कप मिळवून देणार. तुम्ही जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहात, हे कुणीतरी मला तेव्हाच सांगायला हवं होतं. प्रसाद घेऊन गपचूप घरी गेलो असतो.

पहिल्याच सरावाला तुम्ही अर्धा तास गोलपोस्टचे बोल्ट तपासलेत. मग सगळ्यांना गोल उभं करून कुणाचा गुडघा दुखतोय, कोण नीट झोपला नाही, कोण जेवून आला नाही, अशी चौकशी. आमचा फॉरवर्ड वे जिए, अस्सल सिंगापुरी पोरगा, माझ्या कानात म्हणाला, "ब्रो, धिस इज फुटबॉल ऑर मेडिकल चेकअप?" मी म्हटलं, थांब जरा, कोल्हापूर आहे ते, आता सुरू होईल. डोंबलाचं सुरू झालं! तुम्ही पिशवीतून भडंग काढलंत आणि प्रत्येकाच्या ओंजळीत घातलंत. वे जिएच्या डोळ्यांत पाणी आलं लसणीच्या तिखटानं, आणि तरी त्यानं दुसऱ्यांदा ओंजळ पुढे केली.

आणि मग ते पिवळे कागद. काका, त्या पिवळ्या कागदांनी माझं डोकं जेवढं उठवलं तेवढं माझ्या थिसिसनंही उठवलेलं नाही. पहिला सामना आपण पाच-शून्य हरलो. आम्ही माना घालून बसलेलो, आणि तुम्ही हातात बिस्किटांचा रिकामा डबा नि पिवळ्या कागदांचा गठ्ठा घेऊन उभे. म्हणालात, प्लांटवर पाना वरून पडला आणि कुणाच्या डोक्यात पडला नाही, तरी आम्ही लिहून ठेवतो. त्याला निअर मिस म्हणतात. थोडक्यात निभावलं, पुढच्या वेळी निभावणार नाही, म्हणून लिहायचं. नाव दुसऱ्या कुणाचं घालायचं नाही. आपण काय केलं आणि काय करायला हवं होतं, तेवढंच. वे जिए म्हणाला, "अंकल, फाइव्ह-निल इज नॉट निअर मिस लाह. इज अ‍ॅक्सिडेंट." सगळे हसले, तुम्हीही हसलात. आणि मग नियम सांगितलात: कागद नाही तर पुढचा सामना नाही.

मी काय लिहायचो ते तुम्हाला पाठ असेल. "गवत ओलं होतं." "रेफरीला चष्मा लागलाय." "सूर्य डोळ्यांवर होता." तुम्ही प्रत्येक कागद पासावरच्या फोटोइतक्या गंभीर चेहऱ्यानं वाचायचात, घडी घालून डब्यात टाकायचात आणि म्हणायचात, "गवताचं नाव नको लेका, तुझं लिही." मी म्हणायचो, काका, गोल तर माझ्या डोक्यावरून गेलाय, त्यात मी काय करणार? तुम्ही म्हणायचात, "ते तूच सांगायचंस." छळवाद नुसता.

चौथ्या सामन्याचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. हाफटाइमनंतर शून्य-शून्य चाललेलं, आपण पहिल्यांदाच जरा बरे खेळत होतो. पश्चिमेला ढग आले. वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजलेला नाही, रेफरी म्हणतोय खेळा, समोरचे म्हणताहेत खेळा. आणि तुम्ही मैदानात घुसून एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलंत! "भोंगा वाजायची वाट बघायची नसते," म्हणे. रेफरीनं सामना त्यांना देऊन टाकला. पाच मिनिटांनी लख्ख ऊन पडलं. आपण ढगाला हरलो, काका! सगळं कॉलेज आम्हाला हसलं. कॅन्टीनमध्ये मी ट्रे घेऊन गेलो की कुणीतरी वर आभाळाकडे बघायचं.

तुम्हाला काढून टाकायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. आज सांगतो. मेल लिहून तयार होता, कॉलेजच्या क्रीडा समितीला. पाठवायच्या आधी मला डेंग्यू झाला.

माझ्या खोलीत कोण आलं? तुम्ही. प्लांटवरून सुटून, बेटावरून बसनं, मग एमआरटी मेट्रोनं, गळ्यात पास तसाच. काकूंनी केलेलं मटणाचं अळणी सूप थर्मासमध्ये. सहा दिवसांत चार वेळा आलात. मला भरवलंत म्हटलं तरी चालेल, कारण चमचा धरायचीसुद्धा ताकद नव्हती, आणि पुण्याला आईला फोनवर "तापच आहे ग" एवढंच सांगितलं होतं. तुम्ही गॅलरीतल्या कुंडीखालची बशी उचललीत, त्यातलं पाणी मला दाखवलंत आणि उशाशी पिवळा कागद ठेवलात. "डासाचं नाव नको. बशीचं लिही." काका, एकशेतीन ताप होता मला! चिडलो, हसलो, आणि तुम्ही गेल्यावर थोडा रडलोही. तो मेल मी पाठवला नाही. तुम्हाला थँक्यूही म्हटलं नाही. म्हणायचं होतं, पण पुढचा सामना आपण चार-एक हरलो आणि राहूनच गेलं.

आता शिरीषचं बोलू. टाळून चालणार नाही.

शिरीष अकोल्याचा, केमिस्ट्रीत पोस्टडॉक. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्यानं बॉलला पाय लावलेला नव्हता. धावायला लागला की हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे. पण सरावाला एक दिवस चुकला नाही. आणि तुमचा दुसरा नियम काय? जो सरावाला येईल तो सामन्यात खेळेल, निदान दहा मिनिटं. मी किती वेळा सांगितलं, काका, हौस वेगळी आणि लीग वेगळी. तुम्ही म्हणायचात, "तो येतोय ना? मग त्याला खेळवायला नको?" पुण्यात मी क्लबकडून खेळलोय, तिथं असल्या पोराला बॉल उचलायलासुद्धा ठेवला नसता. हे मी तुमच्यासमोर बोललो होतो. तुम्ही मला तेवढ्यापुरतं भडंग दिलं नाहीत.

सातवा सामना. वे जिएनं गोल मारला, आपण एक-शून्य पुढं. मोसमात पहिल्यांदा पुढं! दहा मिनिटं उरलेली. मी ग्लोव्ह्जचे पट्टे पुन्हा आवळले. एक जिंकलो असतो तरी सहा पराभवांना पुरलं असतं, कॅन्टीनमध्ये मान वर करून जेवलो असतो. आणि तुम्ही लाइनवरून हात वर केलात. आपला सगळ्यात भरवशाचा डिफेंडर बाहेर, शिरीष आत. मला विचारलं नाहीत, सांगितलं नाहीत.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. बॉल आपल्या बचावफळीतून गडगडत आला, माझ्या आणि शिरीषच्या बरोबर मध्ये. शिरीष थबकला, मागं वळून बघत राहिला. त्यांचा फॉरवर्ड आला आणि बॉल घेऊन गेला. एक-एक. मग आपली हवाच गेली आणि शेवटच्या मिनिटाला दोन-एक. सगळे शिरीषकडे बघत होते. मी ग्लोव्ह्ज काढून फेकले आणि मराठीत ओरडलो, म्हणजे रेफरीला कळू नये. "तुम्हाला जिंकायचंच नाहीये काका! ज्याला बॉल कुठल्या बाजूनं गोल असतो ते कळत नाही, त्याला आत घालताय!" रेफरीला कळलं नाही. अख्ख्या मैदानात माझ्याशिवाय दोघांनाच मराठी येत होतं, तुम्हाला आणि त्याला. शिरीष बुटांची नाडी सोडत बसला होता. वर बघितलं नाही त्यानं.

तुम्ही माझ्यापुढं पिवळा कागद धरलात. मी म्हटलं, आता पुढचा सामनाच नाही, कसला कागद? तुम्ही म्हणालात, "तरी लिही." ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि निघून आलो. तो चड्डीबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेला, लगदा झाला त्याचा.

चार दिवसांनी तुमचा मेसेज आला. "कागद राहिला. भडंग पण राहिलंय तुझं." मी उत्तर दिलं, "बघू." काका, हा माझा तुमच्याशी शेवटचा शब्द. बघू! यावर मी स्वतःला काय बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी काकूंनी मला पुंगोलला बोलावलं. दारात तुमचे बूट तसेच, प्लांटचे, स्टीलच्या टोकाचे. काकूंनी तो बिस्किटांचा डबा माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "तुमच्या संघाचा आहे, घेऊन जा. तुला मेसेज केला त्या दिवशी मी यांना म्हटलं, कशाला पोरांना छळता? सगळे सामने हरलात, अजून काय लिहून घेताय? तर म्हणाले, बाकीच्यांचे आलेत, प्रणवचा एक यायचाय. त्याला लिहिता येतंय ग, जरा वेळ लागतोय इतकंच."

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. काकूंना वाटलं साखर कमी पडली.

डबा मी परतीच्या एलआरटी ट्रेनमध्येच उघडला. सातव्या सामन्याचे कागद वरच होते. एक तुमचा, ठळक, तिरप्या अक्षरात: "खेळाडू बदलण्याआधी कप्तानाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं." बघा! एवढं तोंडानं म्हणाला असतात तर? मी तिथंच तुमच्याशी भांडायला लागलो, समोरच्या बाई पोराला घेऊन दुसऱ्या सीटवर गेल्या. आणि त्याखाली शिरीषचा. "मी कीपरच्या आवाजाची वाट बघत थांबलो. आवाज आला नाही. वाट न बघता बॉल बाहेर मारायला हवा होता." दुसऱ्याचं नाव घालायचं नाही हा नियम त्यानं पाळला होता. आवाज कुणाचा यायचा होता, ते लिहिलं नव्हतं.

आता लिहितो, काका. हाच तो राहिलेला कागद. तो बॉल माझा होता. फुटबॉलमधलं शेंबडं पोरही सांगेल की गोलकीपरनं पुढं यायचं आणि "कीपर!" म्हणून ओरडायचं, की बाकीचे बाजूला होतात. शिरीषला तुम्ही हेच तर पढवलं होतं, कीपरचा आवाज ऐक. मला बॉल दिसला होता. वेळ होता. मी ओरडलो नाही. तुमच्यावर इतका चिडलो होतो की क्षणभर वाटलं, करू दे घाण, होऊ दे गोल, म्हातारा शिकेल एकदाचा. तेवढ्या एका क्षणात गोल झाला. मग मी सगळ्यांसमोर त्याला बोललो, आणि अख्खं कॉलेज त्याला बोललं, आणि तो फुटबॉलच्या ग्रुपमधून निघून गेला. तुम्ही लाइनवर उभे होतात, सगळं दिसलं होतं तुम्हाला. तरी दहा दिवसांत कुणाला एका शब्दानं सांगितलं नाहीत. माझी वाट बघत बसलात. कशाला बघायची एवढी वाट? दोन लगावून द्यायच्या ना!

दुसऱ्या दिवशी शिरीषला त्याच्या लॅबखालच्या कॅन्टीनमध्ये गाठलं. तो एकटाच वांटन नूडल्सच्या वाटीसमोर बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"मुद्दाम?" त्यानं विचारलं.

"हो."

"दोन आठवडे मी तोच बॉल डोळ्यांपुढं आणतोय रे. काकांच्या अंत्यदर्शनाला सगळ्यांच्या मागं उभा राहिलो, की लोक म्हणतील यानंच शेवटचा सामना घालवला. आणि तू माझ्याच पुढं उभा होतास."

मी म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, "तुझं चुकलो तुझ्याकडंच ठेव." वाटी तशीच टाकून तो गेला. माफबीफ काही केलं नाही त्यानं. मला वाटत होतं करेल, कारण मी खरं बोललो होतो. खरं बोलल्याचं बक्षीस लगेच हवं असतं मला, तुम्हीच म्हणायचात.

काल शनिवारी तुमच्यासाठी सामना ठेवला होता, त्याच सातव्या सामन्यातल्या संघाशी. त्यांनीच विचारलं, चांगली माणसं आहेत. सामन्याआधी मी सगळ्यांना गोल उभं केलं, गुडघे विचारले, झोप विचारली, आणि माझा कागद वाचला. या वेळी इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळेल. वे जिए एवढंच म्हणाला, "वाह लाउ, कॅप्टन," म्हणजे त्यांचं 'अरे बाप रे'. तेवढ्यात शिरीष येताना दिसला. बूट घालून, हात एकीकडे नि पाय दुसरीकडे. माझ्याशी बोलला नाही.

मी म्हटलं, नियम आहे, कागद वेळेत नाही तर सामना नाही. मी बसतो. कुणीतरी म्हणालं, अरे पण गोलमध्ये कोण? आपल्याकडे दुसरा कीपर कुठाय? शिरीषनं माझ्या हातातले ग्लोव्ह्ज ओढून घेतले.

काका, काय तो तमाशा! अहो, बॉल पलीकडच्या अर्ध्यात असला तरी हा ओरडतोय, "कीपर!" कॉर्नरला बॉल बाहेर गेलाय, "कीपर!" आपलेच डिफेंडर दचकून पळताहेत. एकदा तर रेफरीनं शिट्टी वाजवली त्यावरही ओरडला. मी बाकावर काकूंनी दिलेलं भडंग खात बसलो होतो, आणि ते तिखट होतं म्हणून डोळे पुसत होतो, असं मी वे जिएला सांगितलं. तो म्हणाला, "ओके लाह."

सहा-शून्य हरलो. तुमच्या नावानं ठेवलेला सामना, दुसरं काय होणार होतं! पण सहाही वेळा तो पुढं आला होता, काका, आणि सहाही वेळा ओरडला होता.